सावलीची कड

प्रकाश म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर माणूस साहजिकच उजेडाकडे बघतो. सूर्याकडे, दिव्याकडे, इंद्रधनुष्याकडे. इतकी वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवल्यावर माझं मत मात्र पक्कं झालंय, की या प्रश्नाची उत्तरं उजेडात कमी आणि सावलीत जास्त सापडली. ज्या प्रयोगांनी प्रकाशाबद्दलच्या समजुती उलट्यापालट्या केल्या, त्यांतल्या कितीतरी प्रयोगांत कुणीतरी कशाची तरी सावली पाडली होती आणि तिची कड डोळ्यांत तेल घालून बघितली होती. काठीची सावली, केसाची, कागदाच्या पट्टीची, चकतीची, सुईची.

आधी आपल्या रोजच्या उन्हातली सावली घेऊ. गच्चीवर कपडे वाळत घालताना सहज लक्ष दिलं तरी कळतं, की पायाशी सावलीची कड जितकी रेखीव असते तितकी डोक्यापाशी नसते. भिंतीलगतच्या दोरीची सावली भिंतीवर बारीक आणि काळी पडते. तीच दोरी भिंतीपासून चार-पाच हात लांब बांधली, तर सावली फिकट आणि पसरट होते. याचं कारण, सूर्य हा ठिपका नाही. आकाशात त्याची रुंदी साधारण अर्धा अंश भरते. त्यामुळे कुठल्याही वस्तूची पूर्ण काळी सावली वस्तूच्या रुंदीच्या सुमारे 108 पट अंतरापर्यंतच टिकते. त्याहून लांब गेलं की सूर्य वस्तूच्या दोन्ही बाजूंनी डोकावू लागतो आणि उरते ती नुसती उपच्छाया, म्हणजे फिकट, अर्धवट सावली. उंचावर घिरट्या घालणाऱ्या घारीची सावली अंगणात सापडत नाही ती यामुळेच.

चंद्र आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या सरासरी 110 पट अंतरावर आहे. म्हणजे त्याची काळी सावली जमिनीला जेमतेम टेकते, आणि तीही तो जरा जवळ आलेला असेल तेव्हाच. 16 फेब्रुवारी 1980 ला ती अशी टेकली. कारवार-अंकोल्याकडून आत शिरली आणि देश ओलांडून ओडिशाच्या किनाऱ्यावरून समुद्रात गेली. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, सावलीच्या वाटेपासून बरंच उत्तरेला, त्यामुळे आमच्याकडे खंडग्रास. दुपारी सगळ्या आळीत दारं लागलेली. पाण्याच्या हंड्यात, दुधात तुळशीची पानं टाकलेली. आम्हा मुलांना बाहेर पाऊल टाकायची बंदी. पण ग्रहण घरातच आलं. माजघराच्या कौलांत जिथे जिथे फट होती तिथून शेणानं सारवलेल्या जमिनीवर कवडसे पडायचे, एरवी गोल किंवा जरासे लंबगोल. त्या दुपारी त्यांना एका बाजूनं कुणीतरी चावा घेतल्यासारखं झालं, आणि मग बघता बघता सगळ्या जमिनीभर चंद्रकोरी. दादा ओरडला, "आई, बघ गं, जमिनीवर कोरी पडल्यात!" आई स्वयंपाकघरातून आली, थबकली, आणि एवढंच म्हणाली, "पाय देऊ नका रे त्यांच्यावर."

फट कशीही वाकडीतिकडी असो, कवडसा गोल पडतो, कारण तो फटीचा आकार नसतोच. तो सूर्य असतो. प्रत्येक फट म्हणजे एक कॅमेरा आणि जमिनीवर सूर्याचं उलटं चित्र. आमच्या माजघरात त्या दुपारी सूर्याची पंधरा-वीस चित्रं एकदम काढली जात होती. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथमनं जवळपास हजार वर्षांपूर्वी ग्रहणातल्या नेमक्या याच कोरींवर स्वतंत्र लिखाण केलं होतं. भोक किती लहान हवं, म्हणजे कोर नीट उमटते, हा त्याचा प्रश्न. हे मला कॉलेजात कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

याच माणसानं दृष्टीबद्दलचा एक जुना समजही मोडीत काढला. युक्लिडसारखे ग्रीक मानायचे की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. आपल्याकडचे नैयायिकही, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडितही, याच मताचे. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे डोळे चमकतात, त्यात तो किरण प्रत्यक्ष दिसतो, असा पुरावाही ते द्यायचे. अल-हैथमनं साधी गोष्ट पुढे केली. सूर्याकडे बघितलं तर डोळा दुखतो, आणि मिटल्यावरही आत ठिपका राहतो. म्हणजे काहीतरी बाहेरून आत येतंय.

सावलीवरूनही आपल्याकडे मोठा वाद झालेला आहे. मीमांसा दर्शनातले भाट्ट पंथाचे पंडित म्हणायचे, अंधार काळानिळा दिसतो आणि हलताना दिसतो. ज्याला रंग आहे आणि गती आहे तो पदार्थच. वैशेषिक दर्शनाचे पंडित आणि नैयायिक म्हणायचे, छे, अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव. सावली चालत नाही, प्रकाश अडवणारी वस्तू चालते. शाळेत शिकवतात तेही हेच, आणि उन्हातल्या ढोबळ सावलीला ते पुरतंही. पण सावली म्हणजे नुसता अभाव असता तर पुढची काहीच गोष्ट घडली नसती.

पहिल्यांदा प्रकाशाच्या वेगाबद्दल बोलते, कारण तोही एका सावलीतूनच निघाला. गुरूचा आयो नावाचा चंद्र दर साडेबेचाळीस तासांनी एक फेरी पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो. पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या डॅनिश ओले रोमरनं बघितलं, की पृथ्वी गुरूपासून लांब जात असते त्या महिन्यांत ही ग्रहणं मागे मागे पडत जातात. 1676 मध्ये त्यानं आधीच जाहीर केलं, की 9 नोव्हेंबरला आयो दहा मिनिटं उशिरा बाहेर येईल. तसाच आला. त्या चंद्राला उशीर होत नव्हता. सावलीतून बाहेर आल्याची बातमी घेऊन येणाऱ्या प्रकाशाला जास्त अंतर कापावं लागत होतं. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला 22 मिनिटं लागतात असा त्याचा अंदाज होता. खरा आकडा 17 मिनिटांच्या जरा आत आहे. तो नेमका किती चुकला याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. प्रकाशाला पोचायला वेळ लागतो, हे त्याच्या आधी ठामपणे कुणालाच सांगता आलं नव्हतं.

आता कडेकडे. उन्हातली सावली तिच्या कडेचं गुपित सांगत नाही, कारण सूर्याचा तो अर्धा अंश कडेवर धुकं पसरून ठेवतो. त्यासाठी प्रकाश अगदी बारीक भोकातून यावा लागतो. बोलोन्यातल्या फ्रान्चेस्को मारिया ग्रिमाल्डी या जेझुइट पाद्र्यानं अंधाऱ्या खोलीत असं भोक ठेवून प्रकाशाच्या वाटेत काठी धरली. भूमितीनं सावली जेवढी यायला हवी त्याहून ती रुंद आली. कडेनं रंगीत पट्टे होते. आणि काही वेळा सावलीच्या आतही पट्टे. तो 1663 मध्ये गेला, आणि त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1665 मध्ये निघाला. कडेवरून प्रकाशाचं असं वळून पसरणं म्हणजे विवर्तन, आणि त्याची ही पहिली नोंद. सरळ जाणं, आरशावरून परतणं आणि पाण्यात वाकणं यांपलीकडे प्रकाशाला पसरण्याची चौथीही रीत आहे, असं त्यानं लिहून ठेवलं.

न्यूटननं हाच धागा उचलला आणि माणसाचा केस घेतला. केसाची जाडी त्यानं मोजली, इंचाचा 280 वा भाग. चार इंचांवर धरलेल्या कागदावर त्याची सावली पडली इंचाचा 60 वा भाग, म्हणजे केसाच्या चौपटीहून रुंद. हा आकडा वाचताना मला त्या माणसाबद्दल फार जवळीक वाटते. लोलकातून पडलेला वर्णपट सगळ्यांना माहीत असतो. पण एक केस धरून त्याची सावली इतक्या चिकाटीनं मोजणारा न्यूटन फारसा कुणाला ठाऊक नसतो. प्रकाश सूक्ष्म कणांचा आहे असं त्याचं मत, म्हणून त्यानं अर्थ लावला की वस्तूची कड कणांना ढकलते, वाकवते. पण समाधान झालेलं नव्हतं. 1704 सालच्या ग्रंथात हा भाग अर्धाच राहिला असं तो सांगतो आणि शेवटी पुढच्या पिढ्यांसाठी नुसते प्रश्न मांडून ठेवतो.

त्याच सुमारास हॉलंडचा क्रिस्टियान हायगेन्स म्हणत होता, प्रकाश हा तरंग आहे. त्याचा ग्रंथ 1690 चा. न्यूटनचा यावरचा आक्षेप रास्त होता. भिंतीआडून हाक मारली तर ऐकू येते, कारण आवाज हा तरंग, तो कोपऱ्यावरून वळतो. मग भिंतीआडचा माणूस दिसत का नाही? तरंग सावली पाडत नाहीत, प्रकाश पाडतो, तेव्हा प्रकाश तरंग नाही. याला उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली, आणि न्यूटनच्या नावाचा दबदबा एवढा की त्या काळात फारसं कुणी शोधलंही नाही.

उत्तर दिलं टॉमस यंग या लंडनच्या डॉक्टरनं. 24 नोव्हेंबर 1803 ला रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे त्यानं जो प्रयोग सांगितला तो कुणालाही घरी करता येईल असा आहे. खिडकीच्या झडपेला भोक, त्यावर जाड कागद, कागदाला सुईनं पाडलेलं छिद्र. बाहेर आरसा लावून ऊन आडवं आत घेतलेलं. त्या बारीक किरणाच्या वाटेत त्यानं कार्डाची एक पट्टी कडेवर उभी धरली, इंचाचा तिसावा भाग रुंद, म्हणजे मिलिमीटरपेक्षाही कमी. पट्टीच्या सावलीच्या आत उजळ आणि काळे पट्टे दिसले, आणि सावलीच्या मधोमध कायम उजळ रेघ. मग त्यानं पट्टीच्या एकाच बाजूचा प्रकाश अडवला. दुसऱ्या बाजूनं प्रकाश येतच होता, तरीही सावलीतले सगळे पट्टे नाहीसे झाले.

वर्गात मी इथे थांबते आणि मुलांना बोलायला लावते, कारण या वाक्यात काय घडलंय ते मुरायला वेळ लागतो. आधी जी जागा काळी होती ती, एका बाजूचा प्रकाश बंद केल्यावर, उजळ झाली. प्रकाश कमी केला आणि अंधार गेला. म्हणजे तिथला अंधार दोन्हीकडून आलेल्या प्रकाशांनी मिळून केलेला होता. शांत तळ्यात दोन खडे टाकले तर काही ठिकाणी एका खड्याच्या लाटेचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्याला भेटतो आणि पाणी हलतच नाही, तसं. कणाला हे जमणार नाही. एका कणात दुसरा मिळवून शून्य होत नाही.

पट्ट्यांमधल्या अंतरावरून यंगनं तरंगाची लांबीही काढली. लाल टोकाला इंचाचा 36 हजारावा भाग, जांभळ्या टोकाला 60 हजारावा. आज आपण 700 आणि 400 नॅनोमीटर म्हणतो; त्याचे आकडे त्याला इतके जवळ आहेत की थक्क व्हायला होतं. न्यूटनच्या आक्षेपाचं उत्तरही याच आकड्यात आहे. आपल्या बोलण्याचे तरंग हातभर-दोन हात लांब, म्हणून ते दाराच्या चौकटीवरून सहज वळतात. प्रकाशाचे तरंग इतके इवलेसे, की त्यांचं वळणं बघायला वस्तूही केसासारखी बारीक लागते. प्रकाश कोपऱ्यावरून वळतोच. फक्त सावलीच्या कडेला अगदी नाक लावून बघावं लागतं.

पाठ्यपुस्तकात यंगच्या नावापुढे दोन फटींची आकृती असते. ती त्याच्या 1807 च्या छापील व्याख्यानांतली. मला मात्र पट्टीचा प्रयोग जास्त आवडतो, कारण त्यात एकच वस्तू आहे आणि तिची सावली. इंग्लंडात त्याला मान मिळाला नाही. टीका इतकी जहरी झाली की त्यानं उत्तरादाखल पत्रक छापलं, आणि तो इतर कामांकडे, मुख्यतः रुग्णांकडे आणि पुढे इजिप्तच्या चित्रलिपीकडे वळला.

फ्रान्समध्ये ऑगुस्तँ फ्रेनेल हा रस्ते-पूल बांधणारा सरकारी इंजिनिअर. 1815 मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून परतला तेव्हा फ्रेनेल राजाच्या बाजूनं उभा राहिला. नोकरी गेली, मागे पोलिसांची नजर लागली, आणि तो नॉर्मंडीतल्या मातियू गावी आईच्या घरी जाऊन राहिला. जवळ उपकरण नाही, इंग्रजी येत नाही, यंगचं काम वाचलेलं नाही. गावच्या कुलूप-किल्ल्या करणाऱ्याकडून त्यानं मोजपट्टीसारखं एक यंत्र करून घेतलं. प्रकाशाचा बारीक ठिपका मिळवायला भिंग हवं होतं, तर तांब्याच्या पत्र्याला भोक पाडून त्यात मधाचा थेंब ठेवला. मधाच्या थेंबातून सूर्य एका ठिपक्यात गोळा करायचा आणि त्या ठिपक्याच्या उजेडात तारेची सावली बघायची. हायगेन्सचे तरंग आणि यंगचं एकमेकांत मिसळणं, दोन्हीला त्यानं पुढे गणितात बसवलं. कडेपासून कितव्या अंतरावर किती उजेड हे आता कागदावर काढता येऊ लागलं.

1817 मध्ये फ्रेंच अकादमीनं विवर्तनावर पारितोषिक जाहीर केलं. परीक्षकांत लाप्लास, बियो, प्वासों हे तिघे कणवाले. प्वासोंनं फ्रेनेलचं गणित बारकाईनं तपासलं आणि त्यातून एक निष्कर्ष काढला. हे गणित खरं असेल, तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोब्बर मध्यभागी उजळ ठिपका असायला हवा, जणू वाटेत चकती नाहीच. त्याच्या दृष्टीनं हा तरंगवादाचा शेवट होता. सावलीच्या मध्याइतकी काळोखी जागा दुसरी कुठली? समितीतल्याच आरागोनं दोन मिलिमीटरची धातूची चकती मेणानं काचेवर चिकटवली आणि बघितलं. ठिपका होता. 1819 मध्ये पारितोषिक फ्रेनेलला मिळालं. पुढे कळलं की माराल्दी नावाच्या खगोलज्ञानं तो ठिपका 1723 मध्येच नोंदवला होता. तेव्हा त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो विसरला गेला.

हा ठिपका आम्ही दरवर्षी डार्करूममध्ये दाखवतो. लॅबमधले काका सायकलच्या दुकानातून छर्रे आणतात. एक छर्रा काचपट्टीवर टिचकीभर डिंकानं चिकटवायचा. लेझर पॉइंटरपुढे लहान भिंग ठेवून किरण पसरवायचा आणि दोन-अडीच मीटरवर पांढरा कागद. आधी कागदावर लाल उजेडाचं वर्तुळ आणि त्यात छर्र्याची काळी गोल सावली दिसते, कडेनं बारीक कंकणं. मग डोळे अंधाराला सरावतात आणि काळ्याच्या मध्यावर सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसायला लागतो. एक मुलगी पुढे झाली, छर्रा काचेसकट हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "मॅडम, याला भोक आहे का?" काकांनी बरणीतला दुसरा छर्रा काढून तिच्या तळहातावर ठेवला, "घे, तूच चिकटव." तिनं चिकटवला. पुन्हा ठिपका.

कारण असं: मध्यबिंदूपासून छर्र्याच्या कडेचा प्रत्येक बिंदू सारख्याच अंतरावर आहे. कडेवरून सगळीकडून वळून आलेले तरंग तिथे एकाच तालात पोचतात आणि एकमेकांना धरून उभे राहतात. जरा बाजूला सरकलं की ताल चुकतो. म्हणून मध्यावरच ठिपका आणि भोवती काळोख.

घरी करायचं तर केस घ्या. लेझर पॉइंटरच्या तोंडावर केस आडवा चिकटवा आणि किरण तीन मीटरवरच्या भिंतीवर पाडा. डोळ्यात मात्र तो किरण कुणाच्याही जाऊ देऊ नका. भिंतीवर केसाची सावली शोधून सापडणार नाही. मधोमध सगळ्यात प्रखर उजेड आणि दोन्हीकडे ठिपक्यांची माळ दिसेल. लेझर लाल असेल आणि एकाच बाजूच्या लागोपाठच्या दोन काळ्या खाचांमधलं अंतर तीनेक सेंटिमीटर भरलं, तर केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड. ज्याला न्यूटननं मोजमाप लावलं तोच केस.

पुढचा काळ मी भरभर सांगते. 1850 मध्ये फुकोनं दाखवलं की पाण्यात प्रकाश हवेपेक्षा सावकाश जातो. कणवाद्यांच्या हिशेबानं तो पाण्यात जलद जायला हवा होता. 1860 च्या दशकात मॅक्सवेलनं वीज आणि चुंबकत्वाची समीकरणं जुळवली, तर त्यांतून निघणाऱ्या तरंगाचा वेग प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी जुळला. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय तरंग. 1887-88 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला हाइनरिक हर्ट्झनं असे तरंग प्रत्यक्ष निर्माण करून पकडले. तरंगवादाचा झेंडा लागला.

पण लागला तिथेच त्याला भेगही पडली, आणि ती पुन्हा एका सावलीत. हर्ट्झचे तरंग ओळखायची खूण म्हणजे घेणाऱ्या तारेच्या फटीत उडणारी इवलीशी ठिणगी. ती नीट दिसावी म्हणून त्यानं ती काळ्या पेटीत, अंधारात ठेवली. ठिणगी आखूड झाली. पेटी काढली की पुन्हा लांब. त्यानं मध्ये काच धरून बघितली, क्वार्ट्झचा पारदर्शक स्फटिक धरून बघितला, आणि काढलं की तरंग निर्माण करणाऱ्या मोठ्या ठिणगीतला अतिनील प्रकाश लहान ठिणगीला मदत करतो. काच तो अडवते, क्वार्ट्झ सोडतं. का मदत करतो हे त्याला सांगता आलं नाही. ते त्यानं प्रामाणिकपणे नोंदवलं आणि तो पुढच्या कामाला लागला. छत्तिसाव्या वर्षी तो गेलाही.

हा अतिनील प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन उडवत होता. 1902 मध्ये लेनार्डनं दाखवलं की प्रकाश कितीही प्रखर केला तरी एकेका इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढत नाही, फक्त संख्या वाढते. तरंगाच्या हिशेबात हे बसत नाही. 1905 मध्ये आइन्स्टाइननं सुचवलं की प्रकाश ऊर्जेच्या पुंजक्यांनी मिळतो आणि एकेका पुंजक्याची ऊर्जा रंगावर ठरते. मिलिकननं हे खोडून काढायच्या इराद्यानं दहा वर्षं प्रयोग केले आणि 1916 मध्ये आइन्स्टाइनचं समीकरण तंतोतंत खरं ठरवलं. 1924 मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना आपला निबंध धाडला. प्रकाशाच्या पुंजक्यांची मोजणी कशी करायची, एकमेकांपासून वेगळे न ओळखता येणारे कण म्हणून, हे त्यात होतं. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापवला.

मग सावली कुणाची? पुंजक्यांचा प्रकाश पट्टे कसे पाडतो? पुष्कळ पुंजके एकमेकांना ढकलून पट्टे करत असतील अशी एक शंका होती. तसं असेल तर प्रकाश अतिशय मंद केला, की पट्टे पुसट व्हायला हवेत. 1909 मध्ये केंब्रिजच्या जी. आय. टेलर या तरुणानं हे करून बघितलं. गॅसची ज्योत, बारीक फट, काजळी धरलेल्या काचा, आणि वाटेत एक सुई. सुईच्या सावलीचा फोटो घ्यायचा. सगळ्यात मंद प्रकाशात फोटोच्या काचेवर सावली उमटायला 2000 तास लागले, म्हणजे जवळपास तीन महिने. मैलाहून लांब जळणाऱ्या मेणबत्तीचा उजेड जेवढा, तेवढाच तिथे पोचत होता. काच धुतली. सुईच्या सावलीचे पट्टे प्रखर प्रकाशातल्याइतकेच स्वच्छ होते. 1986 मध्ये ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी फ्रान्समधल्या ओर्सेला खरोखर एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक पुंजका, सोडून पाहिलं. एक फोटॉन अर्धा इकडे अर्धा तिकडे कधी सापडला नाही. पण दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्यावर पट्टे मात्र आले.

परीक्षेत यावर एक ठरलेलं वाक्य असतं: प्रकाशाचं स्वरूप दुहेरी आहे, तो कधी तरंगासारखा वागतो, कधी कणासारखा. मुलं ते पाठ करतात आणि पूर्ण गुण मिळवतात. मला ते वाक्य सुईच्या सावलीपुढे फार अपुरं वाटतं. टेलरच्या काचेवर 'कधी हे, कधी ते' असं नव्हतंच. चांदीच्या क्षाराच्या एकेका कणावर प्रकाश एकगठ्ठा उतरला, आणि कुठे उतरायचं याची शक्यता मात्र सुईच्या दोन्ही कडांवरून आलेल्या तरंगांनी मिळून ठरवली. दोन्ही गोष्टी एकाच सावलीत, प्रत्येक वेळी. ज्या माणसानं पुंजके आणले त्यालाही हे सोपं वाटलं नाही. 1951 मध्ये मित्राला, मिकेले बेसोला, लिहिलेल्या पत्रात आइन्स्टाइन म्हणतात, की पन्नास वर्षं विचार करूनही प्रकाशाचे पुंजके म्हणजे काय याच्या उत्तराजवळ मी पोचलेलो नाही. हे पत्र मी बारावीच्या मुलांनाही सांगते. त्यांचे चेहरे त्यानं उतरत नाहीत, उलट खुलतात.

फ्रेनेल क्षयानं 1827 मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या नावाची दीपगृहातली भिंगं जगभर पोचली. पण त्याच्या गणिताची आजची सगळ्यात सुंदर परीक्षा सावलीतच चालू आहे. 5 डिसेंबर 2024 ला श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या पीएसएलव्ही-सी59 नं युरोपच्या अंतराळ संस्थेची प्रोबा-3 ही यानांची जोडी नेली. सूर्याचा कोरोना, म्हणजे एरवी खग्रास ग्रहणातच दिसणारं त्याच्याभोवतीचं फिकं तेजोवलय, वारंवार दिसावा म्हणून ही दोन यानं ग्रहण घडवतात. एकावर 1.4 मीटरची चकती, दुसऱ्यावर दुर्बीण, मध्ये सुमारे 150 मीटर. 108 नं गुणून बघा: चकतीची काळी सावली तिथेच संपत आलेली असते आणि उरते ती जेमतेम 8 सेंटिमीटर रुंद. त्या 8 सेंटिमीटरांत दुर्बिणीचं तोंड धरून ठेवायचं, मिलिमीटरच्या हिशेबात. जून 2025 मध्ये या कृत्रिम ग्रहणाची पहिली चित्रं प्रसिद्ध झाली.

नुसत्या भूमितीनं मात्र भागत नाही. चकतीच्या कडेवरून वळणारे तरंग सावलीच्या मध्याकडेच येतात, आरागोच्या चकतीवरून आले तसेच, आणि कोरोनाचा उजेड सूर्यबिंबापेक्षा लाखो पटींनी फिका असल्यामुळे एवढासा वळलेला प्रकाशही चित्र बिघडवू शकतो. म्हणून त्या चकतीची कड धारदार ठेवलेली नाही. ती गोलसर वळवून घडवली आहे, म्हणजे वळून येणारा प्रकाश कमी होतो. तरीही थोडा झिरपतोच. किती झिरपेल, कुठे पडेल, आणि सूर्याच्या किती जवळपर्यंतचा कोरोना त्यातून वाचेल हे काढायला जे विवर्तनाचं गणित लावतात, ते फ्रेनेलचंच.